डाव्या हाताचा खिसा

गाड्यांचं वायरिंग करता करता तिचे केस पिकले, पण एक खोड काही सुटली नाही. बॅटरी तपासायला ती बॉनेटखाली वाकली, की तिचा डावा हात आपोआप खिशात जातो.

ही खोड लावली आत्याने, जिला जाऊन आता वीस वर्षं झाली. आत्या जुने रेडिओ दुरुस्त करायची, आणि त्यांच्या पोटात दोन-तीनशे व्होल्ट दबा धरून बसलेले असायचे. "एकाच हाताने काम कर," तिने पहिल्याच दिवशी भाचीला बजावलं. "दोन्ही हात आत घातलेस तर करंट या हातातून त्या हातात जाईल, आणि वाटेत काळीज आहे."

पण भाचीच्या ड्रेसला खिसाच नव्हता. "तुझा शिंपी झोपला होता का गं?" आत्या फणकारली. तिने रेडिओ बाजूला सारला, जुन्या पडद्याचा तुकडा कापला आणि डाव्या बाजूला हा एवढा मोठ्ठा, फुलाफुलांचा खिसा शिवून दिला. भाचीने लाजत लाजत तो ड्रेस विरेपर्यंत वापरला.

परवा शेजारचा मेकॅनिक तिचा खिशातला हात बघून खो खो हसला. "अहो ताई, बारा व्होल्टची बॅटरी ती! तिला काय घाबरायचं?"

"बॅटरीला कोण घाबरतंय?" तिने त्याला झापलं. "मी आत्याला घाबरते."

तो हसत हसत निघून गेला. मग तिने हळूच डावा हात बाहेर काढला, बॅटरीवर ठेवला आणि कान देऊन जरा वेळ थांबली.

कुणीच ओरडलं नाही.