नाव न घेता लावलेला दिवा

वोब्रझाकच्या दफनभूमीतला दिवा कुणी मेल्याशिवाय लावायचा नाही, हे गावात कुणाला शिकवावं लागत नसे. दिवा म्हणजे एक पोकळ दगडी मनोरा. चार माणसं एकावर एक उभी राहिली तर होईल एवढा उंच, वर चार झरोके, खाली गुडघ्याच्या उंचीवर लहानसं दार. दारातून कप्पीच्या दोरीने दिवा वर चढवायचा. तेल मयताच्या घरचं, त्यांच्याच झाडांच्या अक्रोडांचं. दिवा वर पोचला की दारात डोकं घालून मेलेल्याचं नाव तीनदा हाकारायचं आणि दार लावून निघायचं. दिवा फुंकायचा नाही, खाली उतरवायचा नाही. तेल संपेल तेव्हा तो आपोआप विझतो.

किल्ली पिढ्यान्‌पिढ्या सूलिए घराण्यातल्या बायकांकडे होती. आता ती क्लोतील्दकडे होती. नगरातलं कुणी असो की पेरूस, ला फों या आसपासच्या खेड्यांतलं, शेवटचं नाव तीच द्यायची. जिवंत माणसाचं नाव त्या पोकळीत हाकारलं तर ते घुमून परत येतं, विहिरीतून यावं तसं. मेलेल्याचं येत नाही. ते तो घेऊन जातो. लहानपणी क्लोतील्दने खेळ म्हणून स्वतःचं नाव आत ओरडून पाहिलं होतं. ते खणखणीत परत आलं होतं, आणि पाठोपाठ आईची थप्पडही. मोठेपणी तिने दिलेल्या नावांपैकी एकही परत आलं नव्हतं.

आणि नावाशिवाय दिवा लावला तर? युद्धात एका जर्मन अधिकाऱ्याने फोटो काढायला म्हणून तो पेटवून घेतला होता. आठवडा उलटायच्या आत गिरणीवाल्याची धाकटी मुलगी धुण्याच्या हौदात बुडाली. पाणी गुडघाभर होतं. दोन गोष्टींचा संबंध कुणी सिद्ध केला नाही. पण दिवा रिकामा राहत नाही, नाव दिलं नाही तर तो स्वतः निवडतो, हे त्यानंतर सगळे धरून चालले.

म्हणून सप्टेंबरात मेयर एव्हारिस्त तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला, तेव्हा त्याला काय हवंय ते ऐकून क्लोतील्दने हातातला कांदा खाली ठेवला.

"शनिवारी वारसा दिन आहे, काकू. राजधानीतून मंडळी येतायत. तटबंदी दाखवू, पेरूसचं चर्च दाखवू. पण त्यांना दिवा पेटलेला बघायचाय."

"बल्ब लाव."

"बल्ब लावला तर ते मलाच पुरतील त्या मनोऱ्याखाली."

"मग कुणी मेलं तर लावीन."

"शनिवारपर्यंत कुणाला मारू? ला फोंचा ओनेसिम तयार आहे म्हणतो, पण तो दहा वर्षं नुसतं म्हणतोच आहे." तो स्वतःच हसला. ती हसली नाही. एव्हारिस्त शेजारच्या घरात वाढलेला, तिच्या हातची धिरडी खाऊन मोठा झालेला. त्याने नजर टेबलावर ठेवली. "काकू, मनोरा नगरपालिकेचा आहे. तू नाही लावलास तर वायरमनकडून लावून घेईन. मला ते नकोय. पण घेईन."

आतल्या खोलीत मार्सेलाँ खोकायला लागला. दगडाच्या खाणीत आयुष्य काढलेला तिचा नवरा. फुप्फुसांत धूळ, उन्हाळ्यापासून अंथरुणाला खिळलेला. खोकला थांबायला बराच वेळ लागला. तोवर एव्हारिस्तने टोपी उचलली होती.

क्लोतील्द सूप घेऊन आत गेली.

"ऐकलं सगळं," मार्सेलाँ म्हणाला. "मेयरला सांग, माझी हाडं वारशात मोडत नाहीत."

"थट्टा करू नकोस."

"मग काय करू? अख्ख्या गावात त्या दिव्याला सगळ्यात सोयीचा मीच आहे. तुलाही तेच वाटतंय. चेहऱ्यावर दिसतंय."

तिला तेच वाटत होतं. दिवा वायरमन लावणार असेल तर तो रिकामा वर जाणार. त्यापेक्षा तिने लावलेला बरा, नाव देऊन. आणि मेलेल्यांपैकी दिव्याला न दिलेलं नाव अख्ख्या वोब्रझाकमध्ये एकच होतं.

"ओबाँचं देते," ती म्हणाली.

मार्सेलाँने चमचा वाटीत ठेवला.

ओबाँ तिचा थोरला भाऊ. अल्जीरियाच्या लढाईवर नेला, परत आला नाही. बेपत्ता, एवढंच लष्कराने कळवलं. आईने ना काळे कपडे घातले, ना दिवा लावू दिला. मरताना क्लोतील्दचं मनगट धरून म्हणाली होती, "त्याचं नाव त्या भोकात घालू नकोस. तू घातलंस की तो मेला."

"चाळीस वर्षं झाली," मार्सेलाँ म्हणाला. "तो मेलाय, क्लोतील्द. तुझी आई सोडून सगळ्यांना माहीत होतं."

"मलाही माहीत होतं."

"मग?"

"माहीत असणं वेगळं. हाक मारून सांगणं वेगळं. पण आई काही उठून येणार नाही, आणि तू अजून आहेस."

"म्हणजे माझ्यासाठी भावाला पुरतेस."

"सूप पी."

शनिवारी दिवस मावळताना दफनभूमी भरली. एव्हारिस्तने मेयरचा तिरंगी पट्टा घातला होता. पाहुणे कबरींच्या मधून कॅमेरे सांभाळत उभे होते. खेड्यांतली म्हातारी माणसं मात्र भिंतीबाहेरच थांबली. क्लोतील्द तेलाची बाटली घेऊन फाटकातून शिरताना ओनेसिमने तिची बाही धरली.

"कुणाचं?"

"ओबाँचं."

त्याने टोपी काढून क्रूसाची खूण केली. "सुटला बिचारा," तो म्हणाला. "तूही सुटलीस."

तिने दिव्यात तेल ओतलं, वात पेटवली, दोरी ओढली. कप्पी कुरकुरली. दिवा वर पोचला तसे चारही झरोके पिवळे झाले आणि पाहुण्यांच्या तोंडून एकदम उद्गार निघाला. ती गुडघ्यांवर बसली आणि तिने दारात डोकं घातलं. काजळीचा आणि थंड दगडाचा वास.

"ओबाँ सूलिए."

नाव परत आलं.

स्पष्ट, वरून, तिच्याच आवाजात. तिला वाटलं आपण फार मोठ्याने बोललो. दुसऱ्यांदा तिने आवाज खाली आणला. नाव परत आलं. तिसऱ्यांदा तिने ते जवळजवळ पुटपुटलं, तरी मनोऱ्याने ते जसंच्या तसं तिच्या अंगावर टाकलं. मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"काय घुमतं हो!" एक पाहुणी म्हणाली.

"बाराव्या शतकातलं काम आहे," एव्हारिस्त सांगत होता. "त्या काळचे गवंडी म्हणजे..."

क्लोतील्द तशीच बसून राहिली. ओबाँ जिवंत होता. साठी उलटलेला, कुठल्यातरी गावात, या घडीला कदाचित जेवायला बसत असेल, पावाचा तुकडा मोडत असेल. आई वारली तेव्हाही असाच बसला असेल. एक ओळ लिहिली नव्हती त्याने. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. मग तोही ओसरला, कारण डोक्यावर दिवा जळत होता. लावलेला, वर चढलेला, आणि रिकामा. आता तो फुंकता येत नव्हता की उतरवता येत नव्हता.

भिंतीच्या पलीकडे, उतारावर तिच्या घराची खिडकी दिसत होती.

तिने मान वळवून गर्दीकडे पाहिलं. एव्हारिस्त, त्याची पोटुशी बायको, पाहुणी, भिंतीवरून डोकावणारा ओनेसिम. दहा वर्षं तयार असलेला ओनेसिम. त्याच्यावर तिची नजर जरा जास्त थांबली. आपण काय करतोय हे कळल्यावर तिने ती काढून घेतली.

पुन्हा डोकं आत घातलं. या वेळी अगदी हळू, बाहेर ऐकू जाणार नाही असं, बाप्तिस्म्यात ठेवलेलं नाव घेतलं.

"क्लोतील्द सूलिए."

ती थांबली. लहानपणी ते कसं आलं होतं ते तिला चांगलं आठवत होतं.

काही आलं नाही.

तिने दुसऱ्यांदा घेतलं. लोकरीत दगड पडावा तसं ते आत गेलं. तिसऱ्यांदा घेतलं, कारण तीनदा घ्यायचं असतं. वर ज्योत हललीसुद्धा नाही. तिने दार लावलं, कुलूप घातलं, गुडघ्यांची माती झटकली.

"काकू, कमाल केलीस!" एव्हारिस्तने तिचे दोन्ही गाल चुंबले. "अरे, किती गार पडलीस तू! वाइन घे थोडी."

"घरी जाते. तो वाट बघत असेल."

फाटकात ओनेसिम उभा होता. त्याने टोपी अजून डोक्यावर घातली नव्हती.

"घेतलं?"

"घेतलं," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं.

घरात शिरली तर मार्सेलाँ स्वयंपाकघरात टेबलापाशी बसला होता. स्वतःच्या पायांनी आला होता. गालांवर रंग होता, आणि श्वासात ती शिट्टी नव्हती.

"मघाशी एकदम बरं वाटायला लागलं," तो म्हणाला. "भूक लागलीय. काही आहे का, की सगळं राजधानीच्या लोकांनी खाल्लं?"

तिने सूप गरम केलं, पाव कापला, चीज काढलं. तो खात असताना ती समोर बसली नाही. फडताळ उघडून तिने तेलाच्या दोन बाटल्या मागून पुढे आणून ठेवल्या, लेबल बाहेर येईल अशा. किल्ली खिळ्याला अडकवली, त्याचा हात पोचेल तिथे.

"तेल इथे आहे," ती म्हणाली. "किल्ली इथे. दोरी ओढताना उजवीकडे धर, नाहीतर अडकते. आधी दिवा, मग नाव. तीनदा, घाई न करता."

"मला कशाला सांगतेस?" त्याने तोंडातला घास गिळला. खिडकीबाहेर टेकडीवर पिवळा उजेड दिसत होता. त्याने त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "क्लोतील्द, ओबाँने घेतलं ना नाव?"

तिने त्याच्यापुढे पावाचा आणखी एक तुकडा ठेवला.

"खा," ती म्हणाली. "गार होतंय."