उम्म रशादच्या आईचं पाखरू

मनामा शहरात बाब अल बहरीन या वेशीच्या मागच्या गल्लीत हाशिम परकारचं शिवणाचं दुकान होतं. तीस वर्षांत त्यानं एकाही गिऱ्हाइकाचा कपडा जाळला नव्हता. जाळला तो नेमका उम्म रशादचा.

उम्म रशाद म्हणजे रशादची आई. सत्तरी ओलांडलेली ही पॅलेस्टिनी बाई उम्म अल हस्सम या वस्तीत राहायची. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाली होती आणि अजूनही समोरच्याला फळ्यापाशी उभं केल्यासारखं बोलायची. तिच्या नातीचा, लियानचा, साखरपुडा ठरला होता. त्यासाठी तिनं हाशिमकडे एक जुना काळा तुकडा आणून दिला. झग्याच्या छातीवर बसतो तसा चौकोन, लाल दोऱ्याच्या बारीक फुल्यांनी गच्च भरलेला. कडेनं सुरूची झाडं, मधोमध समोरासमोर दोन पाखरं. तिच्या आईनं लग्नाआधी, गावी असताना तो भरला होता. त्या गावात आता त्यांचं कुणी राहत नव्हतं.

"नव्या झग्यावर हा बसवायचा," उम्म रशादनं बजावलं. "तू स्वतः. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नाही."

"मफी मुश्किल," हाशिम म्हणाला, म्हणजे काही अडचण नाही.

मुश्किल बुधवारी आली. चुणी मोडायला त्यानं तुकड्यावर इस्त्री ठेवली आणि चिपळूणहून भावाचा फोन आला. भाऊ घराच्या कौलांविषयी बोलत राहिला. मध्येच हाशिमला करपल्याचा वास आला. त्यानं इस्त्री उचलली, तर शंभर फिल्सच्या नाण्याएवढं भोक, आणि डावीकडचं पाखरू मानेपासून वर गायब.

तो तुकडा कागदात गुंडाळून त्यानं घरी नेला आणि बायकोपुढे, नूरबानोपुढे ठेवला.

"कुणाचा?" तिनं विचारलं.

"उम्म रशादचा."

"म्हणजे आता आपल्याला बहरीन सोडायला लागणार," ती शांतपणे म्हणाली आणि चष्मा शोधायला लागली.

नूरबानोनं लहानपणी फुलीच्या टाक्याचे ढीगभर रुमाल भरले होते. तिनं भोकाखाली काळं कापड लावलं, उजव्या पाखराच्या फुल्या कागदावर मोजून घेतल्या आणि दोन दिवस मान वर केली नाही. रंग जुळला, टाका जुळला. फक्त चोच जरा जाड झाली आणि डोक्यावर एक तुरा आला.

"कोंबडी वाटते," हाशिम म्हणाला.

"तुम्ही जाळलंत तेव्हा मी काही बोलले?"

ठिगळ दिसू नये म्हणून हाशिमनं मागून चांगलं जाड अस्तर लावलं.

शनिवारी उम्म रशाद आली. तिच्या आधीच नूरबानो येऊन ट्रायल रूमच्या पडद्याआड बसली होती. काय होतंय ते तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

म्हातारीनं पुढची बाजू बघितलीच नाही. झगा थेट उलटा केला.

"अस्तर कुणी सांगितलं?"

"माझ्याकडून भेट."

"आमच्यात काम मागून बघतात. पुढून कुणीही नटतं." तिनं त्याच्याच टेबलावरची कात्री घेतली आणि अस्तर उसवायला सुरुवात केली. हाशिमनं मनातल्या मनात सगळ्या पिरांना हाका मारल्या. ठिगळ उघडं पडलं. उम्म रशाद त्याकडे बघत राहिली, मग झगा सुलटा करून पाखराकडे. तिनं शेजारच्या, आईनं भरलेल्या पाखरावर हात ठेवला तेव्हा हाशिमला खरंच लाज वाटली.

"इस्त्रीनं जळलं," तो म्हणाला. "चूक माझी."

"आणि हे भरलं कुणी?"

दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही, असं कबूल केलेलं त्याला आठवलं. "मीच."

"मागची बाजू स्वच्छ आहे. एक गाठ नाही." तिनं पर्समधून सुई-दोरा काढला. "बस. माझ्यासमोर दहा फुल्या घाल."

तीस वर्षं मशीन चालवलेल्या माणसानं सुईत दोरा ओवायलाच पाच मिनिटं घेतली. पहिली फुली तिरकी झाली. दुसरी तिच्या अंगावर रेलली. तिसरीत बोट टोचलं. चौथीला पडदा सरकला आणि नूरबानो बाहेर आली.

"राहू द्या," ती म्हणाली. "बघवत नाही."

उम्म रशादनं तिला आपादमस्तक न्याहाळलं. "तू केलंस? टाका माझ्या आईचा आहे. पण ही कोंबडी आहे."

"इतके दिवस एकाच जागी बसलेलं पाखरू. अंग धरणारच."

म्हातारीचे ओठ हलले, पण हसू तिनं आतच ठेवलं. "मंगळवारी दुपारी माझ्या घरी ये. उसवायचं आणि पुन्हा भरायचं. याला पण आण. खोटं बोललाय."

उम्म रशाद मंगळवारी भरतकाम शिकवायची. व्हॉट्सॲप ग्रुपवर चौदा मुली होत्या, प्रत्यक्ष यायच्या दोघी. त्यातली एक लियान, तीही आजीचा धाक म्हणून. हाशिमला कोपऱ्यातली खुर्ची आणि एक चौकोनी कापड मिळालं. त्यानं फुली घातली की उम्म रशाद ती बघायची, सगळ्यांना दाखवायची आणि उसवायची. लियाननं ही बातमी ग्रुपवर टाकली. पुढच्या मंगळवारी सात मुली आल्या. त्याच्या पुढच्या मंगळवारी घरातल्या खुर्च्या कमी पडल्या. शिंप्याला बोलणी बसताना बघायला आलेल्या पोरी हातात काहीतरी असावं म्हणून सुई घ्यायच्या, आणि एकदा घेतली की म्हातारी ती खाली ठेवू द्यायची नाही.

नूरबानोचं पाखरू चौथ्या खेपेला उडेल असं झालं. उम्म रशाद त्यावरून बोट फिरवत इतकंच म्हणाली, "आता माझी आई ओळखेल."

साखरपुडा शुक्रवारी जेवणानंतर अरादला, मुलाच्या घरी होता. लियाननं तो झगा घातला होता. अम्मानहून आलेली तिची एक मावशी, नाडिया, कुणाला भेटायच्याही आधी तिच्याकडे गेली, झग्याच्या गळ्याची कड उलटून छातीवरच्या चौकोनाची मागची बाजू बघितली आणि विचारलं, "हे नवीन काम कुणाचं?"

सगळ्यांनी नूरबानोकडे बोट दाखवलं.

"कुठल्या गावची तू? प्रत्येक गावाचा हात वेगळा असतो, मी सांगते बघ."

"कालुस्ते," नूरबानो म्हणाली.

"कालुस्ता." नाडियानं डोळे मिटून मान डोलावली. "आपल्या नाब्लूसच्या पलीकडे, टेकडीच्या उतारावर. तिथल्या बायकांचा हात असाच घट्ट."

हाशिमनं तोंड उघडलं, पण उम्म रशाद आधी बोलली. नकाशाच्या बाबतीत ती कुणाची गय करत नसे. "कालुस्ते हिंदुस्थानात आहे, नाडिया. समुद्राकडे."

नाडिया नूरबानोकडे वळली.

"हिंदुस्थानात?" ती हळूच म्हणाली. "तिथे आपली माणसं कधी गेली?"

खोलीत कुणी हसलं नाही. उम्म रशादनं हातातला चहाचा पेला खाली ठेवला.

"अजून आली नाहीत," नूरबानो तिच्या मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाली. "आली तर आमचं घर मोठं आहे. फक्त कौलं तेवढी बघायला हवीत."

नाडियानं पर्समधून फोन काढला आणि नूरबानोचा नंबर मागितला.