खालच्या खाचेतलं कार्ड

मित्रांनो, मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे. सध्या माझा मुक्काम कपाटाच्या वरच्या फळीवर, बुटांच्या रिकाम्या खोक्यात असतो. सोबतीला एक बंद पडलेलं घड्याळ, गुंता झालेले चार्जर आणि कुठल्या कुलपांच्या ते कुणालाच आठवत नाही अशा किल्ल्या. व्याकरणाच्या हिशेबाने मी 'ते कार्ड'. पण स्वतःची कहाणी 'ते' म्हणून सांगायला जीभ वळत नाही, म्हणून मी सरळ 'आलो, गेलो' म्हणणार. एवढं चालवून घ्या. माझ्या बाबतीत लोकांनी याहून मोठ्या चुका चालवून घेतल्या आहेत.

माझा जन्म कारखान्यातला. आधी एक कोरी पट्टी, तिच्यावर चिप्स बसवल्या, वर दोन पंखे लावले आणि तापवून, पळवून पाहिलं. पास झालो तसं एका चकचकीत खोक्यात घातलं. खोक्यावर आग ओकणाऱ्या राक्षसाचं चित्र होतं. आत मात्र मीच होतो, गरीब बिचारा, आग ओकण्याचा काही अनुभव नसलेला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे काही पळतं, उडतं, कोसळतं ते रंगवून दाखवायचं, एवढंच माझं काम.

ज्या घरात मी आलो तिथे चार माणसं होती. बाबा बस चालवायचे. आई घर चालवायची आणि कधीकधी बाबांनाही. दादाचं शिक्षण संपलं होतं, नोकरी लागली नव्हती. आणि त्याची धाकटी बहीण, जिला सगळे बारकी म्हणत. कॉम्प्युटर दोघांचा, पण उघडायचा हक्क फक्त दादाचा. बाबा येता-जाता त्याला टोचायचे, "तारा जोडून पोट भरत नसतं रे." दादा मान खाली घालून तारा जोडत राहायचा. त्या घरात त्याचा शब्द चालेल अशी ती एकच जागा होती, टेबलाखालची.

खेळायची मात्र बारकी. काय खेळायची! शत्रू कुठून येणार हे तिला माझ्याही आधी कळायचं, आणि चित्र काढणारा तर मी होतो. त्या वर्षांत माझा भलताच थाट होता. दादा माझे पंखे रंगाच्या मऊ ब्रशने झाडायचा आणि मित्रांना सांगायचा, "कार्ड नाही, सोनं आहे सोनं."

मग नवं कार्ड आलं. माझ्या दुप्पट जाडीचं, तीन पंख्यांचं. ते वरच्या खाचेत बसलं आणि मला खालची खाच मिळाली. वाटलं, झालं, आता अडगळीत. पण दादाला एक युक्ती सुचली होती. बारकीचा खेळ रेकॉर्ड करायचा आणि लोकांना थेट दाखवायचा, तर त्या कामात नवं कार्ड अडकतं आणि खेळ अडखळतो. म्हणून नव्याने फक्त खेळ रंगवायचा आणि रेकॉर्डिंगचं ओझं मी उचलायचं. सरसर येणारी चित्रं आवळून, घड्या घालून फाइलमध्ये भरायची. हमालीच ती, पण इमानाची.

आमच्या जगात मोजणी शून्यापासून होते, तेव्हा पहिलं कार्ड म्हणजे 'शून्य' आणि दुसरं म्हणजे 'एक'. रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये माझ्यासाठी 'एक' निवडायला हवं होतं, दादाने शून्य निवडलं. आठवडाभर सगळं काम वरचाच करत होता आणि मी पंखे बंद करून पडलो होतो. तरी दादा रोज म्हणायचा, "बघ, म्हाताऱ्याने कसं ओझं उचललंय!" शेवटी बारकीच म्हणाली, "अरे दादा, त्याचे पंखे तरी फिरतायत का?" तेव्हा कुठे चूक सुधारली. मला हसू आलं होतं. न तपासता कौतुक करणारा माणूस न तपासता दोषही देतो, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पुढे स्पर्धा आली. जिंकणाऱ्याला एका मोठ्या संघात जागा मिळणार होती. राहणं, शिकणं, खेळणं, सगळं तिथेच. बारकीने त्या जागेसाठी वर्षभर जीव ओतला होता. बाबांनी स्वच्छ सांगितलं होतं, "ही एक संधी. नाही जमलं तर चष्म्याच्या दुकानात नोकरी लागते आहे, गुपचूप तिकडे जायचं." ती हो म्हणाली होती. नियम एकच कडक होता. प्रत्येक खेळाडूने आपल्या पडद्याचं रेकॉर्डिंग ठेवायचं आणि मागितलं की द्यायचं, म्हणजे कुणी लबाडी केली का ते पाहता येईल. ते रेकॉर्डिंग करायचं होतं मी.

अंतिम सामन्याच्या सकाळी पडदा लुकलुकायला लागला. बारकीचा चेहरा उतरला. दादा टेबलाखाली शिरला, वरच्या कार्डातून पडद्याची केबल उपसली आणि माझ्या पाठीत खोचली. पडदा स्थिर झाला.

"झालं!" तो बाहेर येत म्हणाला. "मी असताना तू कशाला घाबरतेस?"

केबल बदलली की आणखी काय काय बदलतं, हे त्याने पाहिलं नाही. पडदा माझ्याकडे आला, तसा खेळही माझ्याकडे आला. रेकॉर्डिंगचा प्रोग्राम मात्र चित्र उचलायला वरच्याच्या दारात उभा राहिला, आणि तिथे आता काळोखाशिवाय काही नव्हतं. तो काळोख प्रोग्राम इमानाने माझ्याकडे आणून द्यायचा आणि मी इमानाने तो भरून ठेवायचो. मला जे मिळतं ते मी भरतो. हे बरोबर आहे का, असं विचारायची सोय माझ्यात कुणी ठेवलेली नाही.

मित्रांनो, एक गोष्ट तेव्हा त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हती. तो सामना मी रंगवला. वरच्याने नाही, मी, या वयात. पंखे शिट्ट्या मारत होते, अंग पोळत होतं, पण एकही चित्र मी गाळलं नाही. आणि बारकी जिंकली! खुर्चीतून उडी मारून तिने आईला मिठी मारली. बाबा दारात उभे होते. ते सगळ्यांना दिसेल असं हसले.

हरलेल्याने तक्रार केली, की ही मुलगी लबाडीचा प्रोग्राम वापरते. संयोजकांनी रेकॉर्डिंग मागितलं. दादा तोऱ्यात म्हणाला, "आत्ता देतो." फाइल उघडली. आवाज सगळा होता, बारकीचे श्वाससुद्धा. चित्र काळं कुळकुळीत. दादाने पुढे ढकललं, मागे ढकललं. पहिल्यापासून शेवटपर्यंत काळं.

"दादा, काय झालं?" बारकीने विचारलं.

"कार्ड गेलं वाटतं." दादाचा आवाज चिरकला. "जुनं होतं ना. दगा दिला त्याने."

रेकॉर्डिंग नाही म्हणून विजय रद्द झाला. संघातली जागा हरलेल्याला मिळाली. बारकी शेजारच्या खोलीत रडत होती आणि दादा मला काढायला टेबलाखाली आला. स्क्रू सोडवायला हात घातला आणि माझ्या पाठीतली केबल त्याच्या हाताला लागली. तो थांबला. त्याला सगळं कळलं. मला खात्री आहे, कारण त्याने ती केबल माझ्यापासून पडद्यापर्यंत बोटांनी चाचपून पाहिली. मग त्याने केबल हळूच काढली, वरच्या कार्डाला लावली आणि मला उचलून बाहेर आणलं.

"बघा," तो बाबांना म्हणाला, "पार कामातून गेलंय."

पहिल्यांदा म्हणाला तेव्हा त्याला माहीत नव्हतं. या वेळी होतं. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि जावा असंही मला वाटत नाही.

बारकी चष्म्याच्या दुकानात जायला लागली. दादा तिच्याशी फारच मायेने वागू लागला. रोज दुकानापर्यंत सोडायचा, न मागता चहा करून द्यायचा, फक्त तिच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही. घरात कॉम्प्युटरचं नाव निघालं की उठून जायचा. बाबाही त्याला टोचेनासे झाले. बिचाऱ्याच्या हातात एक गोष्ट होती, तीही त्या खटारा कार्डाने घालवली, अशी सगळ्यांची समजूत.

एका सुट्टीच्या दुपारी दादा बाहेर गेला असताना बारकीने स्टूल लावून मला खाली काढलं. फडक्याने पुसलं. मशीन उघडून खालच्या खाचेत बसवलं, 'एक' निवडलं आणि थोडा वेळ रेकॉर्डिंग केलं. चित्र लख्ख आलं. माझ्या आनंदाला पारावार उरला नाही. ती मात्र भुवया आवळून टेबलाखाली बघत राहिली. मग वाकली, वरच्या कार्डातली केबल काढून माझ्या पाठीत लावली आणि पुन्हा रेकॉर्डिंग केलं.

आवाज होता. चित्र काळं कुळकुळीत होतं.

ती जमिनीवरच बसली. किती तरी वेळ माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता दादा येईल, ही त्याला जाब विचारेल आणि माझ्यावरचा डाग धुतला जाईल. तेवढ्यात आई वाळलेले कपडे घेऊन आत आली.

"काय गं, खाली काय बसलीस? ते बिघडलेलं कार्ड ना?"

बारकीने केबल काढून जिथली तिथे लावली. "हो आई."

"चालतंय का बघत होतीस?"

"हो."

"मग?"

"नाही चालत," बारकी म्हणाली. "बिघडलेलंच आहे." आणि आईकडे पाठ करून तिने डोळे पुसले.

तिचं मला कळतं. खरं सांगितलं असतं तर बाबांनी दादाला जन्मभर दारात उभं केलं नसतं, आणि तिला भाऊ हवा होता. भावाबहिणीचं असं भागलं. तिने मला पुन्हा बुटांच्या खोक्यात ठेवलं, अगदी जपून, अंगाखाली फडकं घालून.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी म्हाताऱ्या वस्तूने सांगायचं असतं, की आमची धूळ पुसा, निगा राखा. ते तुम्ही कराल, मुलं गुणी असतात. माझं मागणं वेगळं आहे. ज्याला तोंड नाही त्याच्या माथी खापर फोडू नका. आणि फोडलंच असेल, तर ते तसंच राहू द्या. त्याला खाली काढून, पुसून, तो निर्दोष आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून मग परत खोक्यात ठेवू नका. त्यापेक्षा कचऱ्यात टाका.