स्वस्त झालेला गुलाब

यजमान, म्हणजे भाऊ, गेल्यावर सरोजबाई गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालत, पण ते निव्वळ सवयीने. गुलाबांवर त्यांचा जीव कधीच नव्हता. सगळे रविवार या कुंड्यांनी खाल्ले, असं त्या भाऊंच्या तोंडावर म्हणत. भाऊंनी डोंबिवलीत काढलेल्या गुलाबप्रेमी मंडळाची रयाही गेली होती. एके काळी शाळेचा हॉल भरायचा. आता भाऊंचे जुने मित्र देवराम आणि दोनतीन म्हातारे अधूनमधून गच्चीवर येऊन चहा पिऊन जात.

मंडळ रिकामं केलं ते आसावरीने. ती भाऊंची लाडकी शिष्या, मंडळाची चिटणीस. भाऊंचं वर्षश्राद्धही झालं नव्हतं, तोवर तिने ठाण्यात आपल्या टॉवरच्या क्लबहाउसमध्ये नवा गट काढला. एकेकाला फोन करून सांगितलं, "डोंबिवलीचं संपलंच समजा." लोक गेले. सरोजबाईंनी मनावर घेतलं नाही. मेलं तर मेलं मंडळ.

पुढच्या जानेवारीत देवराम त्यांना आग्रह करून ठाण्याच्या पुष्पप्रदर्शनाला घेऊन गेले. मधल्या टेबलावर, करंडकाशेजारी एकच फूल ठेवलेलं होतं. हळदीसारखं पिवळं, आणि पाकळ्यांच्या कडा कुंकवात बुडवल्यासारख्या. सरोजबाईंनी पाहताक्षणी ओळखलं. भाऊंनी वर्षानुवर्षं खपून तयार केलेला हा गुलाब. मूळ झाड त्यांच्याच गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी होतं. भाऊंनी त्याला नाव ठेवलं नव्हतं, आणि कलमासाठी त्याचा डोळा, फांदीवरचा कोंब, कधी कुणाला दिला नव्हता. देवरामांनी एकदा मागितला, तर किती तरी दिवस त्यांच्याशी अबोला धरला होता.

फुलापुढच्या पाटीवर नाव होतं, 'आसावरी'.

"हा भाऊंचा आहे," सरोजबाई म्हणाल्या.

टेबलामागे उभी असलेली आसावरी क्षणभर घुटमळली. "भाऊंनीच मला डोळा दिलेला, काकू. नाव त्यांनी ठेवलंच नव्हतं, मग मी ठेवलं." मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "तुम्हाला कधी इंटरेस्टच नव्हता ना."

ते खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. परतीच्या वाटेवर सरोजबाईंच्या डोक्यात एकच घोळत होतं. हिने घेतला, ते एक. पण त्यांनी दिला. जिवाभावाच्या मित्राला नाही, बायकोला साधं सांगितलं नाही, आणि हिला दिला.

घर आल्यावर त्या म्हणाल्या, "देवराम, डोळा कसा भरतात ते मला शिकवा."

शिकल्या. रानगुलाबाच्या खुंटाची साल चिरायची, आत डोळा बसवायचा, वर पट्टी आवळायची. बोटं कापली, पहिली कलमं सगळी वाळली. हात बसल्यावर त्यांनी सोसायट्यांच्या फलकांवर लिहून लावलं: मंडळाचे सभासद व्हा, रविवारी गच्चीवर या, कलम करायला शिका आणि ठाण्यात करंडक मिळवलेला गुलाब घरी न्या.

लोक आले. आधी शेजारपाजारचे, मग कल्याणहून, मोहन्याहून. मूळ झाडाच्या फांद्या भराभर उतरू लागल्या तसे देवराम अस्वस्थ झाले.

"वहिनी, इतकं ओरबाडलंत तर झाड तग धरणार नाही."

"नाही धरलं तर नाही."

"भाऊंना हे रुचलं नसतं."

"ठाऊक आहे मला," सरोजबाई म्हणाल्या आणि पुढची फांदी कापली.

मे महिन्यात झाड वाळलं. त्यांनी स्वतःच्या हाताने ते उपटलं. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. त्या कुंडीत त्यांनी कढीपत्ता लावला.

प्रदर्शन पुन्हा जवळ आलं तेव्हा देवराम पाट्या लिहायला बसले. "नाव 'भाऊ' लिहू ना?"

"'सरोज' लिहा."

देवरामांनी पेन खाली ठेवलं. "सरोज म्हणजे कमळ, वहिनी. गुलाबाला कमळाचं नाव?"

"असू दे. लिहा."

प्रदर्शनाच्या सकाळी डोंबिवली-कल्याणची माणसं बाटल्यांत तेच फूल घेऊन ठाण्याच्या हॉलमध्ये शिरली. टेबलं पिवळ्यालाल फुलांनी भरून गेली. मधोमध आसावरीचा एकुलता एक गुलाब होता, पण परीक्षक आता तिथे थांबलेही नाहीत. करंडक कळव्याच्या कुणा बाईंच्या पांढऱ्या गुलाबाला गेला.

आसावरी आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "काकू, एवढं सुंदर फूल तुम्ही स्वस्त करून टाकलंत. भाऊंची मेहनत होती ती."

"होती. आता कुणालाही मिळेल. तुझं झाड गेलं तर तुलाही देईन. रविवारी ये. नव्या सभासदांना मागच्या रांगेत बसावं लागतं."

आसावरीने आपल्या फुलापुढची पाटी काढून पर्समध्ये टाकली आणि ती निघून गेली. तिची बाटली तशीच राहिली. सरोजबाईंनी ती उचलली, इतर बाटल्यांच्या गर्दीत सरकवली, आणि त्या देवरामांना म्हणाल्या, "चला, मला कडकडून भूक लागली आहे."