लांडगे माळावर आले, मी माळ्यावरून उतरले

मी एक जुनी वाघूर आहे. मित्रांनो, हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलेही नसेल. मेंढपाळ संध्याकाळी मेंढ्या एका जागी बसवतो, भोवती मेखा ठोकतो आणि त्यांना एक जाळे बांधतो. ते जाळे म्हणजे मी. लांडग्याला आत येऊ द्यायचे नाही, हे माझे काम.

मनमाडच्या पुढच्या माळावर, एका बाभळीच्या सावलीत माझा जन्म झाला. बहिरू आणि बयाबाईचे तेव्हा नुकतेच लग्न झाले होते. बहिरू सुताची दोरी वळायचा आणि बयाबाई गाठी मारायची. मी पुरी झाल्यावर त्यांनी मला बाभळीच्या सालीच्या काढ्यात उकळले. माझा रंग तांबूस झाला आणि अंग टणक झाले.

मग मी पुष्कळ फिरले. पावसाळ्यात माळावर आणि सुगीनंतर गोदाकाठच्या शेतांत आमचा मुक्काम असे. घोड्याच्या पाठीवर मी, माझ्यावर कोंबड्यांचे डालगे आणि त्यावर एखादे नुकते जन्मलेले कोकरू. शेतात मेंढ्या बसल्या की जमिनीला खत मिळते, म्हणून शेतकरी बहिरूला आग्रहाने बोलवत. "वाघूर भारी हाय तुमची," असे कोणी म्हणाले की बयाबाई नुसती हसायची. मला मात्र फार बरे वाटायचे.

लांडगा यायचा, माझ्याभोवती फेरी मारायचा, नाक लावून हुंगायचा. मी वाऱ्याने हलले की तो बिचकायचा. या लोंबत्या जाळ्यात पाय अडकला तर सुटका नाही, हे त्याला कळत असावे. दिवसा चरताना मात्र तो एखादे कोकरू उचलायचाच. त्या दिवशी बहिरू जेवेपर्यंत शिव्या देत राही.

पुढे माळ बदलला. गवत नांगरले गेले, खडी फोडायच्या मशिनी आल्या. लोकांनी लांडग्यांच्या बिळांत धूर कोंडला. हळूहळू लांडगे दिसेनासे झाले. बहिरूचे गुडघे गेले, मेंढ्या विकल्या, आणि एका हिवाळ्यात बहिरूही गेला. बयाबाईने मला गुंडाळून घराच्या माळ्यावर टाकले. लांडगाच राहिला नाही तर वाघूर कशाला? कधी मला कांद्यावर पांघरायला खाली काढत, कधी माझा तुकडा कापून कोंबड्यांच्या खुराड्याला लावत. उंदरांनी माझी एक कड कुरतडली. ज्याच्या भीतीमुळे मला मान होता तोच गेल्यावर माझी आठवण कोणाला येणार, असे मी मनाशी म्हणत असे.

मग एके वर्षी वनखात्याने ठरवले की या माळावर पुन्हा लांडगे आणायचे. दुरून एक जोडी आणली. काही दिवस कुंपणात ठेवली आणि मग दार उघडले. त्यावरची गावची बैठक बयाबाईच्याच ओट्यावर भरली. माळ्याच्या झरोक्यातून मला सगळे ऐकू येत होते.

मनमाडची राखी वनरक्षक होती. खाकी कपड्यांतली, अजून नोकरीत नवीन असलेली मुलगी. ती म्हणाली, "लांडगे गेले आणि रानडुकरं किती वाढली बघा. मका राहतो का तुमचा?"

"मॅडम, मका माझा नाय," जमील म्हणाला. तो बयाबाईचा शेजारी. तो आणि त्याची बायको हुस्नबानो बकऱ्यांवर घर चालवत. "माझ्या बकऱ्या हायेत. लांडगा तुम्ही आणला, त्याचं पोट आम्ही भरायचं का?"

"नुकसान झालं तर भरपाई मिळेल, जमीलभाऊ."

"भरपाई दूध देती का?"

लोक हसले. राखी हसली नाही. "थोडे दिवस द्या त्यांना," ती म्हणाली. कोणी म्हणाले, धरून परत पाठवा. कोणी म्हणाले, माळ आधी त्यांचाच होता. मला दोन्ही बाजू पटत होत्या. माळ्यावर पडून राहणाऱ्याला कोणाचेही पटते.

काही महिन्यांनी एका सकाळी हुस्नबानोचे रडणे ऐकू आले. पहाटे लांडगे जमीलच्या काटेरी कुंपणातून आत शिरले होते. पाच बकऱ्या मेल्या होत्या. त्यांत चांदणी होती. ती पिल्लू असतानाच तिची आई मेली होती आणि हुस्नबानोने तिला बाटलीने दूध पाजून वाढवले होते.

बयाबाईने दारातून ते पाहिले. मग ती काठी टेकत आत आली आणि तिने सून संध्या हिच्याकडून मला खाली काढून घेतले. संध्या नको म्हणत होती, तरी म्हातारीने मला स्वतःच्याच डोक्यावर घेतले.

आम्ही पोहोचलो तेव्हा जमीलने चांदणीला ओढत माळाच्या कडेला नेले होते. त्याच्या हातात कांद्यावर फवारायच्या औषधाची बाटली होती; ते विष मेलेल्या चांदणीवर ओतून त्याला लांडग्यांना घालायचे होते. राखी त्याच्या वाटेत उभी होती.

"बाटली द्या, जमीलभाऊ."

"व्हा बाजूला."

"तिकडे त्यांची पिल्लं असतील."

"माझ्या चांदणीच्या पोटात पन व्हती!" जमील ओरडला.

 राखीचे डोळे भरून आले, पण ती हलली नाही.

बयाबाईने मला जमिनीवर टाकले. "जमील, राहिलेल्या बकऱ्या सांजच्याला कुठं कोंडणार?"

"मावशी, आता काय राहिलं?"

"राहिल्यात त्यांचं बोल बाबा. त्या पन तुझ्याच हायेत."

एवढे बोलून ती खाली बसली आणि माझी फाटकी कड मांडीवर घेऊन गाठी मारू लागली. बोटे वाकडी झाली होती, डोळ्यांना नीट दिसत नव्हते. थोड्या वेळाने हुस्नबानो डोळे पुसत येऊन बसली. मग राखीही बसली. तिच्या गाडीत नायलॉनची दोरी होती, ती माझ्या सुतात आली. मला ती परकी वाटली, टोचलीही. पण तक्रार करायची ती वेळ नव्हती.

जमील लांबच उभा होता. ऊन कलायला लागले.

"मेखा कोन ठोकनार? मी का आता?" बयाबाई म्हणाली.

तो आला. त्याने राखीकडे पाहिले आणि बाटली तिच्या हातात दिली.

"पटलं म्हणून नाय देत," तो म्हणाला. "हात मोकळे पायजेत."

घरापुढे, राहिलेल्या बकऱ्यांभोवती मेखा ठोकून मला बांधल्यावर तो कुदळ घेऊन माळाच्या कडेला गेला. त्याने चांदणीसाठी खोल खड्डा खणला. हुस्नबानोने चांदणीच्या गळ्यातली घुंगरांची माळ काढून घेतली. मी पुष्कळ वर्षांनी पुन्हा उभी होते आणि तरीही आनंद करावा असे मला वाटेना.

पुढे एके दिवशी उजाडता उजाडता लांडगी आली. ती माझ्याभोवती फिरली आणि जिथे सूत आणि नायलॉन जोडले होते तिथेच तिने तोंड घातले. जोड सुटला. तिचा ऊन श्वास बकऱ्यांवर गेला आणि बकऱ्या ओरडू लागल्या. जमील घमेले बडवत धावत आला. लांडगी मागे सरली. जाताना थोडी थांबली. तिची थाने दुधाने भरलेली होती आणि बरगड्या मोजता येतील इतक्या वर आल्या होत्या. मग ती गवतात शिरली.

 जमीलने उकिडवे बसून तो जोड पुन्हा बांधला आणि दोन्ही हातांनी ओढून पाहिला.

"कोन व्हतं?" हुस्नबानोने दारातून विचारले.

"लेकुरवाळी व्हती. उपाशी."

"मग?"

"मग काय? गाठ पक्की केली."

मित्रांनो, आता गावात माझ्यासारख्या आणखी वाघुरी झाल्या आहेत. राखी दोरी आणते, बयाबाई बाजेवर बसून गाठ दाखवते. सगळे गोड झाले असे मात्र समजू नका. दिवसा माळावर अजूनही एखादी बकरी जाते. त्या दिवशी जमील राखीला फोन करून नको नको ते बोलतो, आणि ती पंचनाम्याला येते. लांडगे असावेत की नसावेत, हे भांडण त्या दोघांत अजून चालू आहे. ती माझ्या एका बाजूला बसते, तो दुसऱ्या बाजूला. तोंडे भांडत असतात आणि हात माझी दुरुस्ती करत असतात. मला वाटते, ते भांडण असेच चालू राहिले तरी हरकत नाही.

मी आता फार दिवसांची नाही. माझे मागणे लहान आहे. ज्यांना शेजारी राहायचे आहे त्यांच्यामधले जाळे रोज तपासावे लागते. कोणी ते एकदा उभे केले म्हणून भागत नाही. तुम्ही कधी या माळावरून जाताना माझी एखादी गाठ सुटलेली दिसली, तर ती कोणाची चूक हे विचारत बसू नका. खाली बसा आणि अंधार पडायच्या आत ती बांधा.