विहीणबाईंचे हातमोजे

विहीणबाईंनी पहिल्याच दिवशी नूडल्स टाकल्या आणि माझं डोकं फिरलं.

इथे चीनच्या उत्तरेला, आमच्या हारबिनमध्ये पाहुणा गाडीतून उतरला की आधी त्याच्यापुढे नूडल्सचा वाडगा येतो. ते लांब दोरे पायांत गुंतावेत आणि त्याने चार दिवस राहावं, म्हणून. निघताना मात्र जिआओझी. पारी लाटायची, सारण भरायचं, कडा घट्ट मिटायच्या आणि उकळत्या पाण्यात सोडायच्या. आतलं सारण जसं सांडत नाही, तसा माणूस सुखरूप घरी पोचावा. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि या बाईंनी जेवायच्या काड्या नुसत्या वाडग्यात फिरवल्या, "गाडीतच पोट भरलं हो," म्हणाल्या आणि वाडगा बाजूला सारला. शिवाय घरातही हातमोजे घालून बसल्या. आमच्या भिंतींतल्या नळ्यांमधून हिवाळाभर इतकं कढत पाणी फिरत असतं, की मी घरात पातळ झग्यात वावरते.

"आई, दक्षिणेकडची माणसं आहेत. थंडी वाजते त्यांना," श्वेफंग स्वयंपाकघरात येऊन कुजबुजला.

"थंडी हाताला वाजते, पोटाला नाही. उतरल्या उतरल्या नूडल्स टाकणारा पाहुणा मनाने आलेलाच नसतो."

"हळू बोल ना."

मी हळू बोलले नाही. पण मनातून घाबरले होते, हे खरं.

श्वेफंग माझा एकुलता एक. नोकरीसाठी श्यामनला गेला, समुद्रकाठी, जिथे बर्फ फक्त फ्रिजमध्ये असतो. लग्नही तिथेच केलं. सून मेइचूला पाचवा महिना होता. बाळंतपण तिकडेच व्हायचं ठरलं होतं. ठरायचं होतं ते एवढंच, की बाळंतिणीचं कोण करणार आणि पुढे बाळाला कोण सांभाळणार. मेइचूची आई, छिउयुनबाई, त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहतात. मग मला कोण बोलावतंय? नवरा गेल्यापासून मी या घरात भिंतींशी बोलते. ते बाळ मला माझ्या मांडीवर हवं होतं. दुसरं काही नको होतं. आणि विहीणबाईंनी "गुइलान, तुम्ही या," म्हटल्याशिवाय ते होणार नव्हतं.

म्हणून त्या लेक-जावयाबरोबर बर्फ बघायला येताहेत म्हटल्यावर त्यांना जिंकायचं, असं मी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना जुन्या दगडी रस्त्यावर नेलं. तिथे कडाक्याच्या थंडीत दुधाची कुल्फी खायची आमची रीत. विहीणबाई म्हणाल्या, "दात ठणकतात." पाकात बुडवून काडीला टोचलेली लाल आंबट फळं घेतली. "चिकट असतात," म्हणून ती लेकीला दिली. हॉटेलात मी खास गुओबाओरौ मागवलं. मांसाचे पातळ काप कुरकुरीत तळून आंबटगोड पाकात घोळवलेले. आमच्या गावाची शान आहे ती. त्यांनी एक काप उचलला, तो टेबलावर पडला. दुसरा उचललाच नाही.

"आवडलं नाही वाटतं?" मी विचारलंच.

"छे छे, छान आहे."

"तोंडात न घालताच छान?"

मेइचूने खाली बघितलं. श्वेफंगने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी विहीणबाईंना मनातल्या मनात श्यामनच्या गाडीत बसवून टाकलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही नदीकाठी बर्फाचे दिवे बघायला गेलो. आमच्याकडे चार वाजताच अंधारतं. सोंगहुआ नदीतूनच कापलेल्या लाद्यांचे मनोरे, आत लाल-हिरवे दिवे. पोरं फोटो काढायला मनोऱ्याकडे गेली. मी ओरडून सांगितलं, "हात सोडू नकोस तिचा, गाढवा, घसरेल!" आणि विहीणबाईंना घेऊन एका टपरीत टेकले.

टपरीवाल्याकडे गोठलेल्या काळ्या नासपती आतून मऊ व्हायला गार पाण्यात टाकल्या होत्या. त्याने माझ्या पाहुणीकडे बघितलं. "दक्षिणेच्या ना? बशीत कापून देऊ? काटाही देतो."

"मला जन्मात कधी बशी दिलीस का रे? दोन अख्ख्या दे."

मी एकीवरचं बर्फाचं कवच फोडून ती पुढे केली. "काढा ते मोजे. ही दोन्ही हातांत धरायची, दातांनी भोक पाडायचं आणि रस ओढायचा. आज सबब चालणार नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग एकेक करून मोजे काढले. नासपती घेतली, आणि ती त्यांच्या हातांतून सुटून बाकाखाली गडगडत गेली.

"बघा, गारठले हात!" म्हणत मी त्यांचे दोन्ही हात धरले.

ते गार नव्हते. चांगले ऊबदार होते, आणि थरथरत होते. माझ्या मुठीतही थांबेनात.

"वर्ष होत आलं," त्या म्हणाल्या. "औषध चालू आहे. मेइचूला ठाऊक नाही. तिच्यासमोर मी पेज नाहीतर सूप घेते, चमच्याने. काड्यांनी नूडल्स उचलणं होत नाही हो. तुमच्या त्या नूडल्सचा वास अजून नाकात आहे."

तो वाडगा मी आदळून उचलला होता.

"मग बाळ?" मी विचारलं.

"तेच तर बघायला आले. बर्फाशी मला काय करायचंय? माझ्या हातून बाळ पडलं तर? दुसरे हात कसे आहेत, ते बघायला आले."

"काय दिसलं?"

"तोंडाने फटकळ," त्या म्हणाल्या. तेवढ्यात पोरं परत आली आणि मोजे पुन्हा हातांत गेले. पुढचं वाक्य राहूनच गेलं. परतताना मी त्यांचा दंड धरून चालले. निसरडं आहे, असं पोरांना सांगितलं.

निघायच्या दिवशी सकाळी जिआओझी केल्या. ताटल्या मांडल्या आणि प्रत्येकापुढे चमचा ठेवला.

"काड्या कुठायत?" श्वेफंगने विचारलं.

"उकळायला टाकल्यात."

"सगळ्या? आई, जिआओझी चमच्याने कोण खातं?"

"तू खातोस. निघताना वाद घातलास तर उपाशी पाठवीन."

विहीणबाईंनी मोजे काढून खिशात घातले. वाकून, चमचा तोंडाजवळ ठेवून, त्यांनी ताटली संपवली आणि आणखी मागितल्या. मी वाढल्या. मला फार बरं वाटलं, आणि तितकंच वाईटही, कारण गाडीची वेळ होत आली होती आणि मला बोलावण्याबद्दल कुणी काहीच बोललं नव्हतं.

"तुमची ताटली कुठाय?" त्यांनी विचारलं.

"निघणाऱ्यांनी खायच्या असतात या. मी कुठे निघालेय?"

त्यांनी एक जिआओझी चमच्यात घेतली आणि हात टेबलापलीकडे माझ्याकडे लांब केला. चमचा लटलटत होता, पाणी टेबलभर सांडत होतं. मेइचू बघत राहिली. "आई? तुझा हात..."

"हो. सांगते सगळं गाडीत." त्यांनी हात मागे घेतला नाही. "विहीणबाई, खा. एप्रिलच्या आत निघायचंय तुम्हाला. उतरलात की नूडल्स मिळतील. लाटायच्या तुम्हीच, मी पाणी उकळून ठेवीन."

मी तो हात मनगटाशी धरला आणि तोंड उघडलं.

सारणात मीठच नव्हतं. रात्रभर त्यांच्या जाण्याचाच विचार करत होते, विसरले असेन. आणि विहीणबाईंनी त्या मागून मागून खाल्ल्या होत्या. मी ती गिळली आणि दुसरीसाठी तोंड उघडं ठेवलं.