सहीच्या आधी

शिक्का शाईच्या पॅडवर दाबून नोटरी वकिलाने हात तसाच अधांतरी धरला आणि रोजच्या सवयीने विचारलं,

“वाचलं? समजलं?”

या टेबलासमोर बसणारा प्रत्येक जण यावर नुसती मान डोलवायचा. म्हातारीने चष्म्याची काडी कानामागे नीट बसवली.

“वाचते,” ती म्हणाली.

शेजारच्या खुर्चीतल्या मुलाला हसू आलं. “आई, घरी सांगितलंय ना सगळं? पोरीच्या शाळेचा कागद आहे. खाली सही कर, निघू.”

आईला सही येते एवढंच त्याला माहीत होतं. दोन वर्षं रोज संध्याकाळी नात अभ्यासाला बसली की आजीही वही घेऊन शेजारी बसायची आणि भाजी चिरता चिरता सूनबाई दोघींच्या चुका काढायची, हे त्याच्या गावीही नव्हतं. त्या वेळी तो घरी असायचाच कुठे?

म्हातारीचं बोट ओळीवरून सरकू लागलं. ओठ हलत होते. मागे रांगेतल्या एकाने सुस्कारा सोडला.

“आजी, कादंबरी आहे का?”

एक-दोघं हसले. मुलगाही हसला, पण त्याचा पाय टेबलाखाली हलायला लागला होता.

बोट तिसऱ्या परिच्छेदावर आलं. ‘नातीला जन्मापासून मीच सांभाळते. तिची आई तिच्याकडे लक्ष देत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. नातीचा ताबा वडिलांकडेच असावा.’ ते तिने पुन्हा एकदा, पहिल्यापासून वाचलं.

“हे शाळेचं नाही.”

मुलगा तिच्या कानाशी वाकला. “कायद्याने बापच पहिला पालक असतो, आई. वकील म्हणाला, घरातल्या कुणाचं तरी एक प्रतिज्ञापत्र जोडलं की काम पक्कं. पोर घरी यायला नको का तुला?”

नको कसं? सून पोरीला घेऊन भावाकडे गेली त्याला तीन आठवडे झाले होते. चार वाजले, शाळा सुटायची वेळ झाली, की म्हातारी अजून दारात जाऊन उभी राहायची आणि मग उगाच दार पुसून आत यायची. एक सही, आणि पोर उद्या त्या दारात.

तिने पेन उचललं. मुलाचा पाय थांबला.

तिची थोरली लेक तीन वर्षांची असताना नणंदेकडे दत्तक गेली. नणंदेला मूल नव्हतं. सही नवऱ्याने केली. बाप होता, त्याची पुरेशी होती. हिला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. पुढे ती लेक सुट्टीत घरी यायची आणि हिला मामी म्हणायची.

म्हातारीने पेनाला टोपण लावलं.

“असं मी काही पाहिलेलं नाही.”

वकिलाने शिक्का खाली ठेवला. “मग सही करू नका. इथे जबरदस्ती नाही.”

“आई, चारचौघांत शोभा करू नकोस.” मुलाचा आवाज अगदी खाली आला होता. “राहतेस कुणाकडे, आठवतंय ना?”

“तुझ्याकडे.”

तिने सरळ सांगितलं. त्याने कागद ओढून घेतला, खुर्ची मागे ढकलली. जिन्यावर त्याची पावलं वाजली, मग खाली गाडी सुरू झाली. म्हातारीने खिडकीकडे पाहिलं नाही. पदराने हाताचा घाम मात्र पुसला. गाडीचा आवाज लांब गेला.

“आजी, घरी कशा जाल?” टायपिस्ट बाईने विचारलं.

“ते बघू. मी जे पाहिलंय, ते लिहून मिळतं का इथे?”

बाईने वकिलाकडे पाहिलं. वकिलाने रांगेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. बाईने कीबोर्ड पुढे ओढला.

“सांगा. सुनेबद्दल काय पाहिलंत?”

म्हातारी खुर्चीत सावरून बसली.

“रोजचंच आहे,” ती म्हणाली. “सकाळी साडेपाचपासून सांगू?”